ताई, हीरोच्या बाजूला पोरगं ठेवू का?

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, मूळ पत्र साडेचार पानी होतं आणि त्यातलं दीड पान नुसतं लेन्सबद्दल होतं):

"ताई, मी २६ वर्षांचा, कासारवडवलीला राहतो, आठवडाभर आयटीत नोकरी आणि शनिवार-रविवार शूटिंग. आम्ही पाच मित्र मिळून सुपरहीरो फिल्म सिरीज करतोय, तीन भागांची. पहिला भाग ४१ मिनिटांचा, पूर्ण झाला, ओळखीपाळखीत दाखवला, लोकांना आवडला. हीरोचं नाव 'खाडीवाला', ऐरोलीत सिक्युरिटी गार्ड आहे आणि त्याची पॉवर ठाण्याच्या खाडीवर चालते, भरती आली की दहा माणसांना भारी, ओहोटी लागली की साधा माणूस. दुसऱ्या भागात मला एक चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा आणायचाय, हीरोचा साइडकिक. कॅमेरावाला मित्र बोलतो पोरगं आणलंस तर मी नाही, बालनाट्य होईल. एडिटिंगवाला बोलतो आणच, नाहीतर शाळेतली पोरं बघणार नाहीत. तिसरं लफडं म्हणजे माझा मामा, नौपाड्यात हार्डवेअरचं दुकान आहे, दुसऱ्या भागाला दोन लाख टाकायला तयार आहे पण तो रोल मामेभावाला मिळावा अशी त्याची इच्छा. मामेभाऊ नववीत, चौदा पूर्ण, कराटेत ब्राउन बेल्ट, ॲक्टिंग ठीकठाक. काय करू? – चक्रावलेला दिग्दर्शक"

अरे चक्रावलेल्या,

आधी तुझ्या खाडीवाल्याबद्दल बोलू दे, कारण मी कोपरीत वाढलेय आणि आम्हाला खाडी म्हणजे ट्रेन कळव्याकडे निघाली की नाकाला रुमाल लावायची जागा, एवढीच ओळख होती आणि तू तिच्यातून हीरो काढलास, वर तो अर्धा दिवस हीरो आणि अर्धा दिवस आपल्यासारखाच. मला हे फार आवडलं. एवढी चांगली कल्पना हातात असताना तू साइडकिकवर अडकलायस आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर तुझ्याच कल्पनेत आहे, त्यावर येते.

निकाल आधीच सांगून टाकते, मला शेवटपर्यंत ताणायला जमत नाही. पोरगं आण. पण तुझ्या पत्रात ते पोरगं हवं असण्याची तीन कारणं आहेत आणि त्यातलं एकही त्या पोराचं नाहीये बघ. एडिटरला शाळकरी प्रेक्षक हवाय, मामाला लेकासाठी रोल हवाय, आणि तू म्हणतोस 'मला आणायचाय', का आणायचाय ते साडेचार पानांत कुठेच नाही, लेन्स मात्र सगळ्या आहेत.

तसं बघायला गेलं तर ही सवय जुनी आहे. साइडकिक पोरं जन्माला आली तीच मुळी मोठ्यांच्या सोयीसाठी. बॅटमॅन आला १९३९ ला आणि वर्षभरात, १९४० ला, त्याच्या बाजूला रॉबिन आला. का आला, तर लेखक बिल फिंगरची अडचण अशी होती की हा माणूस एकटाच रात्रभर फिरतो, बोलणार कोणाशी, सारखा मनातल्या मनात किती विचार करणार, त्याला शेरलॉक होम्सच्या वॉटसनसारखा कोणीतरी पाहिजे. शिवाय वाचणारी पोरं, मग बाजूला एक पोरगंच टाकलं, सर्कशीतलं, आईबाप झुल्यावरून पडून मेलेलं. खप दणक्यात वाढला आणि मग काय, आपल्याकडे एका नाक्यावर मोमोजची गाडी चालली की आठवड्यात चार गाड्या लागतात तसं झालं, ह्यूमन टॉर्चला टोरो, कॅप्टन अमेरिकेला बकी, ग्रीन ॲरोला स्पीडी, सगळं वर्ष-दीड वर्षाच्या आत. कोणी विचारलं नाही की रात्री लपून काम करणारा माणूस स्वतः काळ्या-करड्या कपड्यात फिरतो आणि बाजूच्या शाळकरी पोराला पिवळा केप, लाल बंडी आणि हिरवी चड्डी का घालतो. गोळी पहिली कोणाला लागेल रे?

हा प्रश्न विनोदी वाटतो, मीही विनोदाने विचारायचे, पण माझ्या डोक्यात तो दुसरीकडून आलाय.

माझा धाकटा भाऊ एक्का होता. म्हणजे आमच्या एरियातल्या गोविंदा पथकात सगळ्यात वरच्या थरावर जो चिमुरडा चढतो तो. अकरा वर्षांचा, किडकिडीत, माकडासारखा चढायचा. त्या वर्षी सहा थर लागले, मी तेरा वर्षांची, खाली गर्दीत त्याच्या स्लिपर आणि त्याचा चष्मा हातात धरून उभी, आणि तो हंडीपर्यंत पोचला, हात पण लावला, आणि तिसरा थर बसला. खाली झेलायला माणसं होती म्हणून वाचला, कोपराचं हाड मोडलं, आजही तो हात पूर्ण सरळ होत नाही. मंडळाची माणसं दुसऱ्या दिवशी केळी आणि मंडळाचा टी-शर्ट घेऊन आली, त्यानंतर कोणी फिरकलं नाही. पण मला लक्षात राहिलंय ते वेगळंच, त्या रात्री आई हॉस्पिटलच्या बाहेर एकेकाला विचारत होती, त्याला वर कोणी पाठवला? पाचव्या थरावरचा म्हणाला मी नाही, मला खालच्याने सांगितलं. त्याने त्याच्या खालच्याकडे बोट दाखवलं, त्याने अजून खालच्याकडे, आणि बेसचे लोक म्हणाले आम्ही तर मान खाली घालून उभे होतो, आम्हाला वरचं काय दिसतंय. खरं होतं ते सगळं. कोणीच खोटं बोलत नव्हतं. आणि भाऊ आता चाळिशी पार करून बसलाय, तो काय म्हणतो, मला कोणी विचारलंच नव्हतं गं चढतोस का, आणि विचारलं असतं ना तर मी हो च म्हटलं असतं, तीनदा हो म्हटलं असतं.

तर माझं सगळं म्हणणं इथे आहे. साइडकिक म्हणजे तुझ्या सिनेमाचा एक्का. टाळ्या त्याच्यावर पडतात, कॅमेरा त्याच्यावर जातो, आणि तो पडला की वर कोणी पाठवला त्याचं उत्तर कोणाकडे नसतं. त्याची स्वतःची तयारी आहे हे उत्तर धरायचंच नाही, त्या वयात तयारी नसते कोणाची, पोरं सगळ्यालाच तयार असतात. तू पोरगं आणतोयस तर तुझ्या सिनेमात कोणीतरी खाडीवाल्याच्या समोर उभं राहून हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि खाडीवाल्याला खाली बोट दाखवायला थर नसला पाहिजे. हा सीन लिहायची तुझी तयारी नसेल तर कॅमेरावाल्याचं ऐक आणि पोरगं सोड.

(ठाण्याच्या माणसाला हे सांगायला नको खरं तर. २०१२ ला ठाण्यातच जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून १३.३४ मीटरचा गिनीज रेकॉर्ड केला तेव्हा मी पण टीव्हीसमोर ओरडत होते, आणि पुढे प्रकरण कोर्टात गेल्यावर २०१७ ला सरकारने हायकोर्टात सांगितलं की १४ च्या खालच्या मुलांना चढवणार नाही तेव्हा पण मीच टाळ्या वाजवल्या. दोन्ही मीच. भाऊ म्हणतो तुझं काही खरं नाही.)

आता कॉमिकवाल्यांनी हा प्रश्न कधी विचारला का, तर विचारला, पण फार वाईट पद्धतीने. पहिला रॉबिन मोठा होऊन निघून गेला, दुसरा आला, जेसन टॉड नावाचा, तो वाचकांना आवडेना, आगाऊ वाटायला लागला. मग १९८८ ला कंपनीने काय केलं तर गोष्टीत जोकर नावाचा व्हिलन त्याला बेदम मारतो आणि स्फोट होतो इथपर्यंत आणून ठेवलं आणि मागच्या पानावर दोन फोन नंबर छापले, पोरगं जगावं वाटत असेल तर ह्या नंबरवर फोन करा, मरावं वाटत असेल तर त्या नंबरवर, एका कॉलचे ५० सेंट, मुदत ३६ तास. मारा म्हणणारे निघाले ५,३४३ आणि जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची आईच आठवली, कारण इथे पण तेच, लेखक म्हणणार वाचकांनी सांगितलं, वाचक म्हणणार नंबर तुम्हीच छापलात, आणि हीरो म्हणणार मला पोचायला उशीर झाला. खाली बोट, खाली बोट, खाली बोट.

म्हणून एक गोष्ट आत्ताच हात जोडून सांगते, तिसऱ्या भागात हीरोला राग यावा म्हणून पोराला मारू नकोस. मला माहितीये ते तुझ्या डोक्यात आलंय, प्रत्येकाच्या येतं. आपल्याकडे मिस्टर इंडियात १९८७ ला ती छोटी टीना बॉम्बस्फोटात जाते आणि मग हीरो पेटून उठतो, मी थिएटरात हमसून रडले होते, तेव्हा काम केलं त्याने. पण ती कोणाची साइडकिक नव्हती, घरातलं पोर होतं, तिला कोणी लढायला नेलं नव्हतं. लढायला नेलेलं पोरगं मेलं तर रागवायचा हक्क हीरोला राहत नाही, रागवायचा हक्क असलाच तर त्या पोराच्या आईला.

कॅमेरावाल्याचं पण थोडं ऐकून घेऊ, तो उगाच बोलत नाहीये. हॉलिवूडवाले सुद्धा ह्या पोराला घाबरलेत वर्षानुवर्षं. १९८९ च्या बॅटमॅन सिनेमात रॉबिन नाहीच. १९९५ ला आणला, पण आणला कोण तर पंचविशीतला हट्टाकट्टा बाप्या, त्याला दत्तक घेतायत हे बघताना मला हसू आवरत नव्हतं, कारण त्या वयात आपल्याकडे स्वतःच्या पोराचं बारसं होतं. १९९७ च्या भागाने तर सगळ्याचीच वाट लावली आणि त्यानंतर २००५ ते २०१२ मधल्या तीन सिनेमांमध्ये रॉबिन म्हणून कोणी नाही, शेवटच्याच्या शेवटी एका वयाने मोठ्या पोलिसाचं खरं नाव रॉबिन निघतं एवढंच. म्हणजे घाबरून एकतर पोराला मोठं केलं किंवा नाव तेवढं ठेवून पोरगं गाळलं. तुझा मित्र ज्याला बालनाट्य म्हणतोय ते ह्या सिनेमांमुळे, आणि तिथे लोच्या पोराच्या वयाचा नव्हता, पोराला काम काय द्यायचं तेच कोणाला ठरवता आलं नाही. (आणि बालनाट्याला नावं ठेवू नकोस म्हणावं, गडकरी रंगायतनला सुट्टीत बालनाट्य बघूनच आपण सगळे प्रेक्षक झालोय.)

आणि ज्यांना ठरवता आलं त्यांचं बघ. स्पायडरमॅन १९६२ ला आला तो पोरगाच होता, पण कोणाच्या मागे उभा नव्हता, स्वतःच्या चुका स्वतः करायचा. मग २०१६ च्या सिनेमात काय होतं, टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन, हा एवढा मोठा माणूस क्वीन्समधल्या साध्या फ्लॅटमध्ये येतो, त्या पोराच्या काकूला स्कॉलरशिपसारखं काहीतरी सांगतो आणि पंधरा वर्षांच्या पोराला थेट जर्मनीत मारामारीला घेऊन जातो. पहिल्यांदा बघताना मजा येते, पण नंतर विचार कर, काकूशी खोटं बोलून पोर नेलं त्याने. आणि २०१७ च्या पुढच्या भागात तेच त्याच्या अंगावर येतं, ती फेरीबोट दुभंगते तेव्हा तो येऊन पोराला झापतो, तू मेला असतास तर ते माझ्या माथी आलं असतं ह्या अर्थाचं बोलतो आणि सूट काढून घेतो. तो एक सीन मला सगळ्या आकाशातल्या मारामारीपेक्षा जास्त आवडतो. उशिरा का होईना, एक मोठा माणूस कबूल करतो की ह्याला वर मी पाठवला होता.

मल्याळममधला मिन्नल मुरली बघितलायस का, २०२१ चा? नसेल तर शूटिंग थांबवून बघ. त्यात हीरोचा भाचा आहे, शाळकरी, कॉमिक वाचणारा, आणि मामाला वीज लागून काय झालंय ते मामाच्या आधी त्याला कळतं. तो मामाला शिकवतो. पोरगं छोटं, ज्ञान मोठं, मामा मोठा आणि बावळट. पोरगं कुठेच शोभेचं वाटत नाही कारण त्याच्याकडे ते आहे जे हीरोकडे नाही.

आता ये तुझ्या खाडीवर. तुझा हीरो सिक्युरिटी गार्ड, त्याची पॉवर भरतीवर, पण त्याला भरती कधी आहे हे कळतं कसं? पहिल्या भागात तो मोबाइलवर बघतो असं तू लिहिलंयस. अरे देवा! एवढी सोन्यासारखी जागा आणि तिथे तू ॲप लावलंस. तिथे पोरगं लाव ना.

चेंदणी कोळीवाड्यातलं पोरगं असू दे. त्याच्या आजोबांना घड्याळ बघावं लागत नाही, तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरती किती वाजता ते निघतं, म्हणजे चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहा, मग साधारण सहा तास ओहोटी आणि परत पाणी चढायला लागतं, आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. हा मोटामोटी हिशोब किनाऱ्यावरचा, खाडीत आत यायला पाण्याला अजून थोडा वेळ लागतो, आणि तो थोडा म्हणजे किती हे फक्त ज्याचं आयुष्य त्या पाण्यावर गेलंय त्याला माहीत. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी अंगावर येतं, आणि अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा भरती पण मरगळलेली. म्हणजे तुझा हीरो पौर्णिमेला दहा माणसांना भारी आणि अष्टमीला कसाबसा तीन माणसांना, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? मला नाही वाटत. व्हिलनला जर हे कळलं तर तो महिन्यातले दोन दिवस निवडून येईल, भांगाच्या दिवशी ओहोटीला. आणि अख्ख्या ठाण्यात हे आधी ओळखणारा एकच जण, नववीतलं पोरगं जे आजोबांबरोबर होडीत बसून शाळा बुडवतं.

बघ आता त्याला एक पण गुद्दा मारावा लागत नाही. ब्राउन बेल्ट घरी ठेव. तो हीरोला सांगतो, दादा आज नको जाऊस, पाणी नाहीये. आणि हीरो ऐकत नाही, कारण मोठी माणसं ऐकत नाहीत. इथे तुझा दुसरा भाग उभा राहतो. आणि मग उलटं पण कर, एकदा पाण्याचा अंदाज पोराकडून चुकतो, वरून धो धो पाऊस, नाले फुगलेले, हिशोब बिघडला, हीरो ऐन मारामारीत ढिला पडतो, मार खातो, पोरगं घाबरून पळून जातं, घरी गोधडीत तोंड खुपसून पडतं. आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई खाडीवाल्याच्या गेटवर येऊन उभी राहते, ऐरोलीच्या त्या कंपनीच्या गेटवर, तो युनिफॉर्ममध्ये, ओहोटीची वेळ, एकदम साधा माणूस, आणि ती त्याला विचारते. काय विचारते ते तुला आता माहीत आहे. व्हिजिटरच्या रजिस्टरमध्ये सही करून आत ये बाई एवढंच त्याला सुचतं असं दाखव हवं तर, पण तो सीन कापू नकोस, एडिटरने कितीही सांगितलं तरी.

मुलगी घेतलीस तरी चालेल, उलट जास्त मजा येईल. हॉलिवूडच्या पडद्यावर वर्षानुवर्षं पोरगंच बघितलंय आपण आणि कोळीवाड्यातल्या मुली आवाजाला अशा खणखणीत असतात की तुझ्या खाडीवाल्याची बोलती बंद होईल. विचार कर.

एडिटरच्या 'शाळेतली पोरं बघणार नाहीत' वर फार वेळ घालवत नाही. पोरांना पोरगंच बघायला आवडतं हे मोठ्यांना वाटतं. मी शाळेत असताना कोणाला कोणाचा मदतनीस व्हायचं नव्हतं, सगळ्यांना फास्टर फेणे व्हायचं होतं. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या त्या बन्या फेणेला कोणा मोठ्या हीरोच्या मागे चालवलंच नाही, ट्टॉक करून तोच पुढे. पोरांना साइडकिक व्हायचं नसतं, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून साइडकिक आणत असशील तर फसशील.

आता सिरीजची एक भानगड जी तुम्हा पाचजणांच्या डोक्यात आलेली दिसत नाही. पहिला भाग करायला किती वेळ लागला ते तू लेन्सच्या पानात लिहिलंयस, चौदा महिने, कारण शनिवार-रविवार. म्हणजे दुसरा भाग संपेपर्यंत चौदाचं पोरगं साडेपंधराचं आणि तिसरा संपेपर्यंत सतराच्या घरात. ह्या वयात पोरांचं काय होतं ते तू विसरलायस बहुतेक, मी नाही विसरले, माझ्याच घरात झालंय, मे महिन्यात जो पोरगा 'आई गं' म्हणून चिवचिव करत होता त्याचा दिवाळीत आवाज फुटला आणि फोन घेतला तर मला वाटलं गॅसवाला बोलतोय. उंची चार इंच वाढेल, मिसरूड फुटेल, पिंपल्स येतील, एका सीनमध्ये दारातून आत आला तेव्हा बारीक आवाज आणि खुर्चीत बसेपर्यंत जाड. ह्याला दोनच उपाय, एक तर पोराचे सगळे सीन एका मे महिन्यात सलग उरकायचे, नाहीतर मोठं होणं गोष्टीतच घ्यायचं, तिसऱ्या भागात तो खाडीवाल्याच्या खांद्याला लागलाय, आता तो 'दादा नको जाऊस' म्हणत नाही, 'मी जातो' म्हणतो, आणि हीरोला नाही म्हणायला शिकावं लागतं. मला दुसरा आवडेल. स्वस्त पण पडेल.

आणि दहावी! मामेभाऊ नववीत म्हणजे पुढच्या वर्षी दहावी. तुझ्या पत्रात मामा आहे, मामाचं दुकान आहे, दोन लाख आहेत, ब्राउन बेल्ट आहे, मामी कुठेय? मामीला विचारलंयस का कोणी? मला वाटतं तुझ्या सगळ्या प्रश्नांपैकी एका प्रश्नाचं उत्तर मामीच एका वाक्यात देईल आणि ते वाक्य मला इथे बसून ऐकू येतंय.

पैशाचं सरळ बोलते. दोन लाख आणि रोल वेगळे कर. मामाला सांग पैसे दिलेस तर टायटलमध्ये पहिलं नाव तुझं, दुकानाची पाटी एका सीनमध्ये दिसेल, नफा झाला (होणार नाही) तर वाटा, पण रोलसाठी चार पोरं बघणार, त्यात आपला पण एक. मामा रुसला तर रुसू दे, गणपतीपर्यंत बोलायला लागेल, मामा लोक फार टिकत नाहीत रुसण्यात. पण आज पैशासाठी पोरगं घेतलंस आणि सहाव्या दिवशी कळलं की नाही जमत, तर तू त्याला काढू शकणार नाहीस आणि ठेवू पण शकणार नाहीस, आणि पोराला ते दोन्ही कळेल. चौदाव्या वर्षी असलं कळलेलं विसरत नाही माणूस.

शिवाय घेतलंसच कोणाला तर सेटवर शिस्त पाहिजे. १४ च्या खालच्या बालकलाकारांसाठी नियम आहेत, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, कमाईतला किमान २० टक्के भाग बँकेत मुलाच्या नावाने ठेवायचा, आणि शूटिंगला आधी परवानगी काढायची. तुझा मामेभाऊ चौदा पूर्ण म्हणजे हे नियम त्याला तसेच्या तसे लागत नाहीत म्हणून सुटलो असं मनात आणू नकोस, तेच वेळापत्रक पाळ, फुकट काम करून घेऊ नकोस, घरचा आहे म्हणून तर अजिबात नको, घरच्यांचीच सगळ्यात जास्त पिळवणूक होते. आणि खाडीत उतरवू नकोस त्याला. खरंच सांगते. तिथला चिखल वरून पाटासारखा दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत, आणि पाणी चढायला लागलं की सांगून चढत नाही. शिवाय तिवरांच्या झाडीत असंच कॅमेरा घेऊन घुसता येत नाही, ती राखीव आहेत, खाडीचा भाग फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, २०२२ ला पाणथळ जागांच्या रामसर यादीत पण आलंय, तेव्हा वनखात्याची परवानगी काढ. नाहीतर धक्क्यावरून शूट कर, मागे पाणी दिसलं म्हणजे झालं, हीरोला पण पोहता येतं का बघ आधी.

कॅमेरावाल्या मित्राला हे पत्र वाचायला दे. तो नाही म्हणतोय ते बरं आहे, टीममध्ये एक तरी माणूस असा लागतो जो पोराला वर चढवायच्या आधी थांबा म्हणतो. आईचा तो गेटवरचा सीन त्यालाच शूट करू दे, त्याच्या लाडक्या लेन्सने.

आणि पोरं बघायला बसशील त्या दिवशी मामेभावासकट कोणालाच डायलॉग पाठ करून बोलावू नकोस, कराटे पण करून दाखवायला लावू नकोस. समोर बसव, वडापाव दे, आणि विचार की आज तिथी कुठली आणि मग खाडीला पाणी किती वाजता भरेल. कोणालाच येणार नाही. मग सगळ्यांना एक आठवडा दे आणि सांग कुठून तरी शोधून आण. जो ॲप बघून येईल त्याला चहा पाजून घरी पाठव. जो चेंदणीला जाऊन कोणा म्हाताऱ्याशी बोलून येईल, आणि वर तुलाच ऐकवेल की तुझ्या पहिल्या भागातल्या क्लायमॅक्सच्या वेळी भरती नव्हतीच मुळी, तो घे. मी तिथी काढून बघितलंय, नव्हती.

– ताई